सेक्शन सात

"पाना सरळ धर. बोल्ट अडला की त्याच्यावर चिडायचं नसतं, कुमुद. थोडं तेल, थोडा धीर."

अण्णा वरून सांगत होते आणि मी फरशीवर उताणी पडून सेक्शन सातचा शेवटचा बोल्ट सोडवत होते. कुर्डुवाडीच्या रेल्वे क्वार्टरमधला आमचा तो शेवटचा आठवडा. अण्णा सिग्नल इन्स्पेक्टर म्हणून महिनाअखेर निवृत्त होणार होते, सोलापूरचं घर रंगवून तयार होतं, आणि बांधाबांध सुरू झाली ती भांड्याकुंड्यांपासून नाही, आगगाडीपासून.

खेळण्यातली गाडी म्हटलेलं अण्णांना खपत नसे. क्वार्टरच्या लांबलचक मागच्या पडवीत नऊ वर्षं खपून त्यांनी एक अख्खा घाट उभा केला होता. दोन रुळांत बोटाच्या एका पेराचं अंतर. तीन बोगदे, दगडी कमानींचा पूल, लाल-हिरवे होणारे सिग्नल. इंजिनं दोन, एका मित्रानं जर्मनीहून पाठवलेली. डबे मात्र सगळे अण्णांनी पत्रा आणि जुन्या लग्नपत्रिका कापून केलेले. हे सगळं एकसंध नव्हतं. प्लायवूडचे अकरा तुकडे, प्रत्येकाला चार पाय, एकमेकांना बोल्टांनी जोडलेले आणि खालून वायरींनी. "रेल्वेच्या माणसाचं घर कायमचं नसतं," अण्णा म्हणायचे, "तेव्हा त्याचा घाटसुद्धा सुटा करता आला पाहिजे." या तुकड्यांना ते सेक्शन म्हणत.

वायरिंग माझं होतं. मी तेव्हा अठ्ठावीस वर्षांची, टेलिफोन एक्स्चेंजमध्ये नोकरीला, लग्न न झालेली. वयाच्या विसाव्या वर्षापर्यंत अण्णा माझ्याशी 'अभ्यास झाला का' आणि 'आईला चहा टाकायला सांग' एवढंच बोलत. मग एकदा वायरीच्या जोडावर त्यांनी दिलेला सोल्डरिंगचा एक डाग टिकेना, तो मी पक्का करून दिला. त्यांनी वायर ओढून पाहिली, चष्मा कपाळावर चढवला आणि म्हणाले, "हे कुठं शिकलीस?" त्या दिवसापासून आम्हा दोघांना बोलायला विषय मिळाला. दुसरा कधी मिळाला नाही, आणि मला नकोही होता.

"सुटला का गं?" आईनं आतल्या खोलीतून विचारलं.

"सुटला!"

"मग मला तेवढं भांडं दे आणि दुसरा घे."

आई वर्षभर कॉटवरच होती. मोरीत घसरून तिचा खुबा मोडला होता. ऑपरेशन झालं, पण पाय जमिनीला लागला तो टेकवण्यापुरताच. त्यात दमा जुना. कूस बदलायलासुद्धा तिला माणूस लागे आणि ते माणूस मी होते. मी हात पुसून उठायला लागले तर अण्णा म्हणाले, "आधी हा पाय काढून घे. लोंबकळता ठेवला तर प्लाय चिरेल." मी आधी पाय काढला.

निघायच्या दिवशी ट्रक आला. घाटाला धक्का लागू नये म्हणून अण्णांनी घरातल्या सगळ्या गोधड्या सेक्शनांना गुंडाळल्या. शेवटी सातला एक कमी पडली. सात म्हणजे घाटाचं मोठं वळण, तीन फूट रुंद, वर डोंगर. अण्णा आत गेले आणि आईच्या अंगाखालची काढून घेऊन आले. "जीपमध्ये गादी आहेच की," ते म्हणाले.

जीपमध्ये आईसोबत शेजारच्या गायकवाडकाकू बसल्या. मी ट्रकच्या हौद्यात होते. सेक्शन सात दोन्ही हातांनी धरून, सोलापूरपर्यंत. धरायला कुणीतरी हवंच होतं, असं मी तेव्हा स्वतःला सांगितलं. जीप आमच्या पुढे निघाली तेव्हा आईनं मागच्या काचेतून वळून पाहिलं. मी हात केला नाही, कारण हात मोकळा नव्हता.

सोलापूरचं घर दोन खोल्या आणि स्वयंपाकघर. अण्णा मोजपट्टी घेऊन दिवसभर भिंतींशी बोलत होते. संध्याकाळी त्यांनी कागद माझ्यापुढे ठेवला.

"एका खोलीत नाही बसत. पण ही मधली भिंत अर्ध्या विटेची आहे. दोन भोकं पाडली तर गाडी पुढच्या खोलीतून आतल्या खोलीत जाईल, वळण घेईल आणि परत येईल. काय?"

मी कागद पाहिला. वळण आतल्या खोलीच्या ज्या भिंतीशी येत होतं, तिथं आईची कॉट होती.

"अण्णा, इथं आई आहे."

"हो. म्हणून मी काय म्हणतो, सातचे पाय लांब करायचे. सगळ्याच सेक्शनांना तेवढी उंची देऊ, उभं राहून बघायलाही बरं. कॉट खाली तशीच राहील. मध्ये चांगली दोन फूट जागा राहते."

"तिला उठून बसता येणार नाही मग."

"तसंही कुठं येतं?" ते इतक्या शांतपणे म्हणाले की मलाही त्यात वावगं काही दिसेना. अण्णा आवाज चढवत नसत. आयुष्यात त्यांनी कुणाला शिवी दिल्याचं मी ऐकलं नाही.

"सात वगळला तर?"

"मग गाडी परत कशी येणार?"

एक गोष्ट मी बोलले नाही. कॉट पुढच्या खोलीत लावता आली असती. मीही माप घेतलं होतं. त्यासाठी फक्त सेक्शन दहा न जोडता माळ्यावर ठेवावा लागला असता. बाजूचं यार्ड होतं ते, त्याच्याशिवाय गाडी अडत नव्हती. पण दहा नंबर मी केला होता. एकटीनं. गाडीचा रूळ बदलणारे त्यातले आठ सांधे, आठही माझ्या हातचे. मी मोजपट्टी गुंडाळून खिळ्याला अडकवली.

आईला अण्णांनीच सांगितलं.

"म्हणजे मी डोंगराखाली?" ती म्हणाली.

"अगं, तुझ्यावर कुठं पडतोय तो? आठ बोल्ट आहेत."

आईनं माझ्याकडे पाहिलं. "आठच?"

"आठ पुष्कळ झाले," मी म्हणाले.

गवंडी आला. त्यानं छिन्नी लावण्याआधी कॉटकडे पाहिलं आणि थांबला. "बाईस्नी जरा भाईर घ्या की साहेब. लई धूळ उडंल."

"थोडंच काम आहे," अण्णा म्हणाले. "तोंडावर पदर घे गं."

दोन भोकं पाडायला अख्खी दुपार गेली. आईच्या केसांत विटेची लाल भुकटी बसली होती. तिचा खोकला रात्रीपर्यंत थांबला नाही.

मग सेक्शन सात चढला. चौघं हमाल लागले. आईच्या वर प्लायवूडचं छत आलं आणि मी तिच्या शेजारी, त्याच कॉटवर गुडघे टेकून वायरी जोडत बसले. सोल्डरिंगचा धूर खालीच कोंडत होता. प्रत्येक वायरीला मी कागदाची पट्टी चिकटवत होते, 'बोगदा २', 'सिग्नल डावा', 'पूल'. आई पडल्या पडल्या वाचत होती.

"अक्षर छान आहे तुझं," ती म्हणाली. "शाळेत बक्षीस मिळालं होतं."

"हो का? मला आठवत नाही."

"मला आठवतं. वर बघायला दुसरं काही नसलं की आठवतं."

मला तो टोमणा वाटला आणि रागही आला. मी म्हटलं, "खिडकी आहे की तिकडे." खिडकी पायाकडे होती. मान उचलल्याशिवाय दिसत नव्हती.

सव्वा महिना असा गेला. मी सकाळी तिला कडेला ओढून अंग पुसून द्यायची, भरवायची, पुन्हा आत सरकवायची आणि एक्स्चेंजला जायची. संध्याकाळी आल्यावर आम्ही दोघं गाडी चालवायचो. गाडी भोकातून आत शिरली की आईच्या छातीवरून, मग चेहऱ्यावरून जायची आणि दुसऱ्या भोकातून बाहेर पडायची. चाकांचा आवाज प्लायवूडमधून खाली जास्तच घुमतो, हे मला खाली बसून दुरुस्ती करताना कळलं होतं. आई एकदाच म्हणाली, "रविवारी तरी दुपारची बंद ठेवा." अण्णा म्हणाले, "रविवारी तर वेळ मिळतो."

तेवढ्यात टिळेकर साहेबांचं पत्र आलं. ते अण्णांचे जुने वरिष्ठ, निवृत्त होऊन पुण्याला राहिलेले. सोलापुरात एका लग्नाला सपत्नीक येणार होते आणि 'तुमचा घाट बघितल्याशिवाय जाणार नाही' असं त्यांनी लिहिलं होतं. अण्णांनी ते पत्र तीनदा वाचून दाखवलं. मी त्यांना इतकं आनंदात कधी पाहिलं नव्हतं.

"सगळ्या सेक्शनांना खालून कापड लावायचं," ते म्हणाले. "पाय, वायरी, काही दिसता कामा नये. प्रदर्शनात लावतात तसं."

मी हिरवं कापड आणलं आणि चुण्या घालून शिवलं. आईच्याच मशीनवर. रविवारी सकाळी बारीक खिळ्यांनी पुढच्या खोलीपासून लावत आले. आतल्या खोलीत पोचले तेव्हा आईनं विचारलं, "इथं पण?"

"इथं तर पाहिजेच," अण्णा दारातून म्हणाले. "सगळ्यात महत्त्वाचा भाग आहे हा."

"अहो, मग मला पुढं खुर्चीवर बसवा की. उशा लावून बसेन मी. टिळेकर वहिनींना भेटेन. मीही बघेन एकदा वरून, कसं दिसतं ते."

नऊ वर्षांत घाट कसा दिसतो ते आईला माहीत होतं. पडवीत झाडताना ती तो रोज पाहत होती. तिला बसायचं होतं, एवढंच. हे मला कळलं.

"पाच मिनिटांत कळवळशील," अण्णा म्हणाले. "लोकांसमोर ते बरं दिसतं का? दोन तासांचा प्रश्न. तू दुपारी झोपतेसच."

आई माझ्याकडे बघत राहिली. मी तोंडातला खिळा काढून म्हटलं, "मी मधूनमधून डोकावेन." आणि ठोकला.

टिळेकर साहेब आणि त्यांच्या बाई बरोबर चारला आले. साहेब उंच, मोठ्या आवाजाचे. बाई गोड बोलणाऱ्या, हातात मोगऱ्याची पुडी. "वहिनींसाठी," म्हणून त्यांनी ती माझ्या हातात दिली. मी ती टेबलावर ठेवली.

अण्णांनी सिग्नल पाडला. मी हँडल फिरवलं. इंजिन निघालं, पुलावरून गेलं, पहिल्या बोगद्यात शिरलं, आणि टिळेकर साहेब लहान मुलासारखे टाळ्या पिटायला लागले. "आराध्ये, तुम्ही कमाल केलीत! हुबेहूब! अरे, ह्या वळणावर मी तीन वर्षं काढलीयत!" गाडी भिंतीतून आत गेली तसे सगळे तिच्यामागं आतल्या खोलीत आले.

बाई पडद्याला लागूनच उभ्या राहिल्या. त्यांची साडी त्या हिरव्या चुण्यांना घासत होती. डोंगराकडे बघता बघता त्यांनी विचारलं, "आणि वहिनी कुठायत? दिसल्या नाहीत."

"बार्शीला गेलीय," अण्णा म्हणाले. "भावाकडे."

"अगंबाई! चालायला लागल्या?"

अण्णांना खोटं बोलायची सवय नव्हती. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. अगदी कळवळून पाहिलं, डाग टिकेनासा झाल्यावर पाहायचे तसं.

"काठी घेऊन चालते हल्ली," मी म्हणाले. "मामाकडे मुंज आहे. आम्ही नको म्हणत होतो, पण ऐकते कुठं? म्हटली, मी जाणारच."

"छान! छान झालं बाई. कधी येतील?"

"आता गेलीय तर राहील म्हणाली महिनाभर. तिकडे मन रमतं तिचं."

एवढं सगळं बोलायची गरज नव्हती. पण अण्णांच्या चेहऱ्यावर सुटल्यासारखं हसू आलं होतं, आणि मला बोलतच राहावंसं वाटलं.

गाडी दुसऱ्या फेरीला आली तेव्हा सातच्या वळणावर मागचे दोन डबे घसरले. मी पुढं झाले, वाकले आणि ते रुळावर बसवले. "आमची कुमुद न बघता बसवते," अण्णा म्हणाले. टिळेकर साहेब म्हणाले, "मुलगा असता तरी एवढं केलं नसतं." मग सगळे पुढच्या खोलीत गेले, शिरा झाला, चहा झाला. मी डोकावले नाही. सहाला पाहुणे निघाले. फाटकापर्यंत अण्णा हसत होते.

मी आत येऊन पडदा वर केला.

आईनं पदराचा बोळा तोंडात कोंबला होता. तो लाळेनं भिजला होता. ओठ निळसर, डोळ्यांतून पाणी, छाती भात्यासारखी वरखाली होत होती. दम्याच्या गोळ्या कपाटावर होत्या, तिच्या हातापासून चार पावलांवर. पडदा लावताना मध्ये येत होत्या म्हणून मीच तिथं ठेवल्या होत्या. मी गोळी दिली, पाणी दिलं, तिला कडेला ओढून उशीला टेकवलं, पाठ चोळत राहिले. 

अण्णा आत आले. ते अजून त्याच आनंदात होते.

"अगं, एकदाही खोकली नाहीस!" ते म्हणाले. "शाब्बास."

दुसऱ्या दिवशी सकाळी आई म्हणाली, "कुमुद, जीप सांग. मला बार्शीला जायचंय."

"बार्शीला? अशी?"

"मी तिथंच आहे ना? चार माणसांत सांगून झालंय. खोटं कशाला पडू द्यायचं."

मी अण्णांकडे पाहिलं. ते पेपर वाचत होते. "जाऊ दे की," ते म्हणाले. "हवापालट होईल."

मी रजा टाकली आणि एक्स्चेंजमधून बार्शीला ट्रंककॉल लावून मामांना कळवलं. दोन अडीच तासांचा रस्ता. आई मागच्या सीटवर आडवी, मी तिचं डोकं मांडीवर घेऊन. मी बोलत होते. तिथं खिडकीशी कॉट लावू, मी दर रविवारी येईन, डॉक्टरांना चिठ्ठी देईन. आई बाहेर बघत होती. खरं सांगायचं तर मला हलकं वाटत होतं. तिला त्या घरातून, त्या माणसाच्या तावडीतून मीच सोडवते आहे, असं मला वैरागच्या पुढं वाटायला लागलं. बार्शी येईपर्यंत माझी तशी खात्रीच झाली.

भालूमामा आणि मामी धावत बाहेर आले. आम्ही तिघांनी उचलून आईला माजघरात नेलं. मामीनं पांढरी चादर घातलेली गादी तयार ठेवली होती. मामा जीपवाल्याला चहा द्यायला बाहेर गेले, मामी पाणी तापवायला. मी आईच्या टाचेखाली उशी सरकवायला वाकले.

"राहू दे," आई म्हणाली. "मामी करेल."

"अगं, तिला कुठं ठेवायची ते माहीत नाही."

"शिकेल."

मी उशी हातात धरून उभी राहिले. आई वर आढ्याकडे बघत बोलली. आवाज अगदी साधा होता.

"त्यांचं मला काही नाही. एकतीस वर्षं झाली लग्नाला. त्यांना मी कधी दिसलेच नाही, तेव्हा ते झाकून झाकून काय झाकणार? तुला दिसत होते."

"आई, मला अण्णांना सगळ्यांसमोर..."

"काल मी तुझा पाय धरला, कुमुद."

हे मी मघाशी सांगितलं नाही. कुणालाच कधी सांगितलं नाही.

घसरलेले डबे बसवायला मी वाकले तेव्हा पडद्याच्या खालून हात आला आणि त्यानं माझा घोटा धरला. बोटं गार होती. दोनदा दाबलं त्यांनी, मग पुन्हा एकदा, जोरात. तिला धाप लागली होती. मला कळलं नाही असं मी म्हणू शकत नाही. वर्षभर तिची धाप मी तिच्याही आधी ओळखत होते. टिळेकर बाई माझ्या खांद्याला खांदा लावून उभ्या होत्या. अण्णा म्हणत होते, 'आमची कुमुद न बघता बसवते.' मी पाय ओढला. पकड फरशीपर्यंत घसरली, पण सुटेना. तेव्हा मी दुसऱ्या पायाची टाच उचलली आणि तिच्या बोटांवर ठेवली. ठेवली म्हणजे दाबली. अंगाचा सगळा भार दिला, दोन्ही डबे रुळावर नीट बसेपर्यंत. मग हात आत गेला.

"मला वाटलं की..." मी म्हणाले.

"काय वाटलं?"

मी उशी गादीच्या कडेला ठेवली.

आईनं उजवा हात चादरीवर ठेवला होता. मधली दोन बोटं सुजून काळीनिळी झाली होती. सकाळी अंग पुसताना, जीपमध्ये बसवताना, सबंध रस्ताभर तो हात माझ्यासमोर होता. मी त्याच्याकडे पाहिलं नव्हतं.

"बरं," आई म्हणाली. "निघा तुम्ही आता. जीपवाला खोळंबलाय."

मला वाटलं ती मला आणि जीपवाल्याला मिळून म्हणाली.

घरी आले तेव्हा अण्णा आतल्या खोलीत मोजपट्टी घेऊन उभे होते. कॉटच्या जागी फरशी मोकळी दिसत होती.

"पोचली का नीट?"

"पोचली."

"छान. मग आता सातचे पाय कापता येतील, काय? उंची जरा जास्तच झाली होती. एवढ्या लांब पायांवर सगळं डुगडुगतं."

त्यांना हो म्हणायला मला क्षणभर वेळ लागला, एवढंच. पुढच्या रविवारी आम्ही अकराही सेक्शनांचे पाय कापले. करवत मी चालवली. त्यानंतर तीन वर्षं मी तो घाट चालवला, जोडला, दुरुस्त केला. अण्णा बार्शीला कधी गेले नाहीत. आईनं कधी बोलावलं नाही. तिच्याबद्दल विचारलं की ते म्हणत, "तिकडे मन रमतं तिचं." माझंच वाक्य होतं ते. त्यांना ते आवडलं असावं.

मी मात्र महिन्यातून एकदा बार्शीला जात होते. पहिल्यांदा गेले तेव्हा आई उशांना टेकून बसली होती. बसायला लागली होती. मामीच्या धाकट्या सुनेशी हसून बोलत होती. मला पाहून तिनं पदर सारखा केला.

"या. बसा," ती म्हणाली.

मी हसले. मला थट्टा वाटली.

"गाडी वेळेवर मिळाली का तुम्हाला?"

मामीनं माझ्याकडे पाहिलं आणि खाली मान घातली. मी आईच्या पायाशी बसले. तिनं पाय जवळ घेतले, परकं माणूस शेजारी बसल्यावर घेतो तसे, सावकाश, वाईट दिसू नये अशा बेतानं. चहा आला. "साखर चालते ना तुम्हाला?" तिनं विचारलं. निघताना मी वाकून नमस्कार केला तर म्हणाली, "असू द्या, असू द्या."

तीन वर्षं. ती मला कधी टाकून बोलली नाही, तिनं कधी दार लावून घेतलं नाही. एकदा मी सगळ्यांसमोर रडले, तिच्या गादीवर डोकं ठेवून म्हटलं, "आई, एकदा तू म्हण. शिवी दे, पण तू म्हण." तिनं सुनेला हाक मारली. "अगं, यांना जरा बरं वाटत नाहीये वाटतं. लिंबाचं सरबत आण."

शेवटी मामांची तार आली. मी पोचले तेव्हा सकाळचे दहा वाजले असतील. माजघरात माणसं जमली होती. आईचा श्वास घरघरत होता. डोळे मिटलेले. मामी तिच्या कानाशी वाकली.

"वन्सं, कोण आलंय बघा. कुमुद आलीय. तुमची कुमुद."

आईनं डोळे उघडले. बराच वेळ माझ्याकडे पाहिलं. ओळखलं, हे मी शपथेवर सांगेन. मी तिचा हात घ्यायला पुढं झाले, तर तिनं तो चादरीखाली नेला. मग मामीकडे मान वळवली.

"लांबून आल्यात," ती म्हणाली. शब्द तुटत होते. "त्यांना पाणी दिलंत का?"

मामीनं रडत रडत तांब्या-भांडं आणलं. आई बघत होती. मी सगळ्यांच्या मध्ये उभी राहून ते पाणी शेवटच्या थेंबापर्यंत प्यायले आणि भांडं खाली ठेवलं. मग तिनं डोळे मिटून घेतले.